माळ्यावरची कॅसेट आणि राजवाड्यांचा रुमाल



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि आता लग्नाच्या कॅसेटींवर बोलणार?" शंका रास्त आहे. तिचं निरसन बोलण्याच्या ओघात होईल अशी आशा आहे. पण कॅसेटीकडे एकदम जायला नको. आपण धुळ्यात बसलो आहोत, तेव्हा आधी राजवाड्यांकडे जाऊ.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावात वारले. लगेच १९२७ साली त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथं उभं राहिलं. राजवाड्यांचं मोठं काम कोणतं, असं विचारलं तर लोक त्यांचे सिद्धान्त सांगायला लागतात. आम्हाला ते सगळे सिद्धान्त पटत नाहीत; ते हयात असते तर आमचंही काही त्यांना पटलं नसतं आणि तसं त्यांनी तोंडावर सांगितलं असतं. पण ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने १८९८ पासून त्यांनी जे बावीस खंड छापले, त्यांच्यापुढे मात्र आपण सगळे हात जोडतो. हे कागद त्यांना मिळाले कुठे? बरेचसे लोकांच्या घरी. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या कोनाड्यात, रुमालात बांधलेले, अर्धे वाळवीने खाल्लेले. काही तर वाण्याकडे पुड्या बांधायला चाललेले. ज्यांच्या घरात ते होते त्यांना वाटे, हे काय, पणजोबांचे कागद, आपल्याला मोडी कुठे वाचता येते.

या पत्रांतली एक अडचण अशी, की पुष्कळ पत्रांवर साल नाही. ‘छ’ म्हणून चंद्र दिलेला असतो, म्हणजे तारीख, पुढे महिना, आणि संपलं. का बरं? कारण लिहिणाऱ्याला साल माहीत होतं आणि वाचणाऱ्यालाही माहीत होतं. ‘तीर्थरूप दादा’ एवढं लिहिलं की पुरे, कोणते दादा हे घरात सगळ्यांना ठाऊक. घरगुती कागदाचा हा स्वभावच आहे. घरात सगळ्यांना जे ठाऊक असतं ते तो लिहीत नाही. आणि शंभर वर्षांनी नेमकं तेच हवं असतं. राजवाडे आणि त्यांच्या पिढीचे संशोधक एकेका पत्राचं साल ठरवायला किती खपले, ते त्या खंडांच्या टिपा चाळल्या की कळतं.

आता आपल्या घरातला माळा पाहा. पणजोबांचे कागद गेले असतील, पण एका खोक्यात व्हीएचएस कॅसेटी सापडतील. ‘राजूचे लग्न’, ‘दादांची एकसष्टी’, ‘कानबाई’. कोणत्या साली? लिहिलेलं नाही. कोणता राजू? घरात सगळ्यांना माहीत आहे. अजून तरी माहीत आहे.

घरच्या चलच्चित्रांचा इतिहास तसा जुना आहे. फ्रान्समध्ये पाथे कंपनीने १९२२ साली साडेनऊ मिलिमीटरची फिल्म आणि तिचा घरगुती यंत्रसंच आणला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कोडॅकने सोळा मिलिमीटरची फिल्म काढली, १९३२ साली आठ मिलिमीटरची, आणि १९६५ साली सुपर एट. हिंदुस्थानात असा कॅमेरा परवडणारे कोण? संस्थानिक, मोठे व्यापारी, गिरणीमालक, एखादा विलायतेहून परतलेला डॉक्टर. आणि अर्थात साहेब. इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या मडमा यांनी इथे काढलेल्या घरगुती फिल्म विलायतेला परत नेल्या, पुढे त्यांच्या वारसांनी दिल्या, आणि आज केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यासकेंद्रात त्यांचा मोठा संग्रह आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला आपला देश हलताचालता पाहायचा असेल तर अभ्यासक तिथे पाहतात. जिल्ह्याच्या ठिकाणचा बंगला, बाग, शिकार, सहली, मुलाचा वाढदिवस. आणि त्या मुलाला कडेवर घेतलेली आया. अशा फिल्मच्या नोंदीत साहेबाचं नाव असतं, हुद्दा असतो, मुलाचंही नाव असतं. आया नुसती ‘आया’ असते. ती कुठली, कोणाची, पुढे तिचं काय झालं, हे सांगणारं कोणी त्या खोलीत नव्हतंच. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे फाळक्यांनी १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये आपल्याच मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये त्यांचा मुलगा भालचंद्र होता, आणि फिल्म धुण्याचं काम पत्नी सरस्वतीबाई करत. ‘कालिया मर्दन’च्या सुरुवातीला मंदाकिनीचा नुसता चेहरा आपल्याला वेगवेगळे भाव करून दाखवतो. तेवढा भाग पाहताना वाटतं, बापाने लेकीची घरच्या घरी काढलेली फिल्मच ही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झालं. तिथले पी. के. नायर नाशिकला फाळके कुटुंबीयांकडे पोहोचले आणि घरात उरलेली रिळं त्यांनी मिळवली. भारतात हजाराच्या वर मूकपट झाले, त्यांतले आज पूर्ण उरलेले हाताच्या बोटांवर मोजावेत. जे वाचलं त्यातलं पुष्कळ असं कोणाच्या तरी घरून आलं आहे.

असो. फिल्म ही श्रीमंतांची गोष्ट होती. आपल्या खानदेशात, सामान्य शेतकरी, मास्तर, कारकून, दुकानदार यांच्या घरात हलतं चित्र शिरलं ते व्हिडिओने. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, त्याच्या मागोमाग व्हीसीआर आला, आणि पाच-सात वर्षांत लग्नाला ‘व्हिडिओ शूटिंग’ नाही म्हणजे कमीपणा वाटू लागला. म्हणजे धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या साध्या घरांचा हलताबोलता दस्तऐवज साधारण १९८५ ते २००५ या वीस वर्षांचा आहे, आणि तो सगळा चुंबकीय फितीवर आहे. त्याआधीचं जवळपास काही नाही. त्यानंतरचं मोबाइलमध्ये आहे, त्याची कथा निराळी.

या वीस वर्षांत काय काय आहे बघा. आखाजीला झोक्यावर बसलेल्या, माहेरी आलेल्या पोरी आहेत. श्रावणातली कानबाई आहे. रविवारी बसते, रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन, आणि रोट खायला भाऊबंदकी झाडून एकत्र. मांडवाखाली खापरावर मांडे करणाऱ्या बाया आहेत, ज्यांचे हात आता थकले. पाडून टाकलेली धाब्याची घरं आहेत. आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे अहिराणी आहे. तीही कार्यक्रमात माइकसमोर बोललेली नव्हे, तर मांडवात भांडताना, हसताना, नवऱ्या मुलीला चिडवताना बोललेली. भाषाशास्त्राचा अभ्यासक त्यासाठी जीव टाकील.

राजवाड्यांनी भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावर लिहिलं. त्यावरून केवढा गहजब झाला हे आपल्याला माहीतच आहे. त्यांना जुन्या ग्रंथांतल्या शब्दांवरून तर्क बांधावे लागले. आज तोच विषय घेऊन कोणी खानदेशापुरतं लिहायला बसला, तर त्याचं साधन आपल्या माळ्यांवर खोक्या-खोक्यांनी पडलेलं आहे. रुखवतात काय मांडलं, आंदणाची भांडी कशी ओळीने दाखवली, कोण कोणाच्या पाया पडलं, बाया कुठे बसल्या, कोणाची पंगत कधी उठली. हे कोणी लिहून ठेवत नाही. कॅमेऱ्याने मात्र सगळं टिपलंय, बहुतेक वेळा न कळत.

इथे एक तक्रार नोंदवतो. त्या काळात ‘मिक्सिंग’ नावाचा एक प्रकार होता. शूटिंगची फीत घेऊन तिच्यावर हिंदी सिनेमाची गाणी चढवायची, नवरा-नवरीच्या तोंडाभोवती बदाम फिरवायचा. पैसे जास्त पडत आणि लोक हौसेने देत. त्यात झालं काय, तर मांडवातला खरा आवाज गेला. आजीबाई हळदीचं गाणं म्हणताहेत, ओठ हलताहेत, आणि ऐकू येतंय मुंबईचं गाणं. आम्हाला संगीताचं वावडं नाही, पण ही एक प्रकारची लूट झाली आणि आपणच पैसे देऊन करवून घेतली. म्हणून कोणाकडे मिक्सिंगच्या आधीची कच्ची कॅसेट असेल तर ती सुंदर कॅसेटीपेक्षा जास्त मोलाची, हे कृपा करून लक्षात घ्या. लोक नेमकी उलटी निवड करतात. सुंदर जपतात, कच्ची पुसून तिच्यावर मॅच भरतात.

आवाज जाणं म्हणजे काय हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. लिहिता येत नव्हतं. ओव्या जात्यावर, शेतात येता-जाता सुचायच्या. मुलगा सोपानदेव आणि घरातलाच एक भाऊ यांनी त्या ऐकून कागदावर उतरवल्या, अत्र्यांच्या नजरेस पडल्या, आणि १९५२ साली पुस्तक झालं. आज त्यांच्या नावाने विद्यापीठ आहे. घरातल्या माणसाने टिपलं नसतं तर आपल्याला काय कळलं असतं? काहीच नाही, आणि आपण काय गमावलं तेही कळलं नसतं. बहिणाबाईंसारखी प्रतिभा घरोघरी नसते हे मान्य. पण कोणत्या घरात आहे आणि कोणत्या घरात नाही, हे आधी कोणाला कळतं?

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे, थोडं येऊ द्या. न्यायशास्त्रात ज्ञानाचे मुख्य दोन भाग सांगितलेत, अनुभव आणि स्मृती. स्मृती ही केवळ संस्कारातून उपजते. आधी अनुभव, त्याचा मनावर ठसा, मग आठवण. यांच्या मधलं एक तिसरं प्रकरण आहे, त्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. म्हणजे ओळख पटणं. शास्त्रातलं नेहमीचं उदाहरण देवदत्ताचं: ‘हा तोच देवदत्त’. ‘हा’ म्हणजे आत्ता डोळ्यांना दिसतोय तो, आणि ‘तोच’ म्हणजे पूर्वी पाहिलेला. दोन्ही हवेत. नुसतं दिसून ओळख पटत नाही.

हे कॅसेटीला लावून बघा. १९८८ सालची कॅसेट आजी पाहते तेव्हा तिला प्रत्यभिज्ञा होते. हा तोच, ही तीच. नातू तीच कॅसेट पाहतो, त्याला दिसतं तेवढंच, पण त्याच्याकडे संस्कार नाही. त्याच्या दृष्टीने फेटा बांधलेला एक माणूस आला आणि गेला. मग नातवाला ती ओळख मिळणार कशी? शास्त्रात त्याचंही उत्तर आहे: शब्दप्रमाणाने. म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्याने. आजीने सांगायला हवं, ‘हा तुझा पणजोबांचा धाकटा भाऊ’. एवढं एक वाक्य चित्राला जोडलं गेलं की ते चित्र घराचं राहतं. नाहीतर ते चित्र पुढे कोणाचंही असू शकतं.

म्हणून आमचं म्हणणं असं, की या जपणुकीत लोक जो क्रम लावतात तो उलटा आहे. लोक म्हणतात, आधी कॅसेटी डिजिटल करून घेऊ, मग निवांत बसून आजीला विचारू. यंत्र सहा महिने उशिरा मिळालं तर चालेल. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई सहा महिने थांबेल याची हमी कोण देणार?

हे किती खरं आहे याचं एक उदाहरण युरोपातलं आहे, आणि ते आम्हाला झोप लागू देत नाही. १९३८ च्या उन्हाळ्यात डेव्हिड कर्ट्झ नावाचा अमेरिकेत स्थायिक झालेला एक ज्यू गृहस्थ युरोपच्या सहलीला गेला. सोबत सोळा मिलिमीटरचा कॅमेरा. पोलंडमधल्या नाशेल्स्क या आपल्या जन्मगावी त्याने तीनेक मिनिटांचं चित्रण केलं. गल्लीत पोरं कॅमेऱ्यासमोर उड्या मारताहेत, बाया दारात उभ्या, लोक प्रार्थनामंदिरातून बाहेर येताहेत. बस, एवढंच. पुढच्याच वर्षी नाझी आले. त्या गावात तीन हजारांच्या आसपास ज्यू होते; युद्ध संपलं तेव्हा त्यांतले शंभरही उरले नाहीत. फिल्म फ्लोरिडात एका कपाटात पडून राहिली. २००९ साली नातवाला, ग्लेन कर्ट्झला, ती सापडली. आंबून आक्रसलेली. वॉशिंग्टनच्या हॉलोकॉस्ट संग्रहालयाने ती मोठ्या कष्टाने वाचवली आणि इंटरनेटवर ठेवली. तीन मिनिटांत दीडशेच्या आसपास चेहरे. नाव एकाचंही नाही! मग एके दिवशी एका बाईने ती पाहिली आणि त्यातल्या तेरा वर्षांच्या पोराकडे बोट दाखवलं: हे माझे आजोबा. आजोबा तेव्हा हयात होते, ऐंशी ओलांडलेले. त्यांनी बसून आणखी काही नावं सांगितली, कोण कोणाचा, कोणाचं दुकान कुठे, पोरांच्या टोप्यांवरून कोण कोणत्या शाळेचा. नातवाने त्यावर २०१४ साली पुस्तक लिहिलं, नंतर चित्रपटही निघाला. एवढं करून दीडशेपैकी नावं लागली ती मोजक्याच चेहऱ्यांना. बाकीचे आजही पोलंडच्या उन्हात हसताहेत, बिननावाचे.

आपल्यावर असा प्रसंग आलेला नाही, देवाची कृपा. पण माणसं जाण्यासाठी दर वेळी युद्धच लागतं असं नाही.

गेल्या वर्षी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी, इथेच जुन्या धुळ्यातल्या एका गल्लीत, आम्ही असा प्रयोग करून पाहिला. त्याच्या थोरल्या भावाच्या लग्नाची कॅसेट. व्हीसीआर कुठून तरी चालू स्थितीतला मिळवला. समोर त्यांच्या घरातल्या सर्वांत मोठ्या आत्याबाई, वय चौऱ्याऐंशी, शेजारी नात मोबाइल धरून बसलेली. नातीला एकच काम दिलं होतं: चित्र थांबवायचं आणि विचारायचं, "आत्याआजी, कोन शे हाई?" आत्याबाई आधी लाजल्या. मग एकदा सुरू झाल्या त्या थांबेचनात. "हाई मनी मावसबहीन शे," आणि मग तिचं सासर, तिचं माहेर, तिचं लग्नाआधीचं नाव, तिच्या घरी किती खंडी ज्वारी पिकायची ते सगळं. कॅसेटीवर साल नव्हतं. मुलगा म्हणाला १९८६, भाऊ म्हणाला १९९०, जुंपली दोघांची. आत्याबाई म्हणाल्या, लग्न रविवारी सकाळचं होतं आणि अर्धं वऱ्हाड शेजारच्या घरी ‘रामायण’ पाहायला बसलं होतं, नवऱ्या मुलाला बोलवायला माणूस धाडावा लागला. आता ‘रामायण’ दूरदर्शनवर जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि जुलै १९८८ ला संपलं. म्हणजे उन्हाळे दोनच. त्यांतला कोणता? तर धाकटा त्या वर्षी दहावीला होता. झालं, १९८८. राजवाड्यांनी याहून वेगळं काय केलं होतं?

आणि मग एक दृश्य आलं. पंगतीच्या कडेला पाण्याची घागर घेऊन एक बाई उभी, तीन-चार सेकंदच. घरातल्या तरुण कोणालाही ती माहीत नव्हती. आत्याबाईंनी स्वतःहून थांबवायला सांगितलं. ती बाई १९७२ च्या दुष्काळात नवऱ्याबरोबर खडी फोडायच्या कामावर आली होती, मग गावाकडे परत गेलीच नाही. या घरात पंधरा वर्षं तिने भांडी घासली, आणि ज्याचं लग्न चाललंय तो मुलगा तिच्या मांडीवर वाढला. तिचं नाव त्यांनी सांगितलं, तिच्या मुलीचंही सांगितलं. केंब्रिजच्या त्या आयेबद्दल मघाशी बोललो ते एवढ्यासाठी. तिच्या वेळेला खोलीत सांगणारं कोणी नव्हतं. इथे होतं.

तर नावं विचारताना जी माणसं मधोमध आहेत त्यांच्यावर वेळ घालवू नका, त्यांची नावं पत्रिकेत छापलेली आहेत. कडेची माणसं विचारा. वाजंत्री कोण, आचारी कोण, मांडे करणारी कोण. आणि बाईचं नाव ‘अमक्याची आई’ एवढ्यावर सोडू नका.

आता यंत्राचं. ते आम्ही शिकून घेतलंय, पण त्यातले तज्ज्ञ नाही, तेव्हा कामापुरतं बोलतो. फिल्म असेल, म्हणजे आठ किंवा सोळा मिलिमीटरचं रीळ असेल, तर डबा उघडून आधी वास घ्या. आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर त्या फिल्मचं ॲसिटेट कुजायला लागलंय. उष्णता आणि दमट हवा यांनी ते वेगाने वाढतं. एकवीस अंश तापमान आणि मध्यम कोरडी हवा असेल तरीसुद्धा नवी ॲसिटेट फिल्म साधारण चाळीस-पन्नास वर्षांनी या मार्गाला लागते, असा अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या संशोधकांचा हिशेब आहे. आपल्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर जातो, आणि माळ्यावर पत्र्याखाली काय होत असेल ते तुम्हीच सांगा. म्हणून पहिलं काम, डबा माळ्यावरून खाली आणा. घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीतल्या कपाटात ठेवा, आंबलेलं रीळ इतरांपासून वेगळं ठेवा, कारण तो आंबटपणा शेजाऱ्याला लागतो. आणि हौसेने जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नका. आक्रसलेली फिल्म दात्यांत अडकून टराटरा फाटते.

व्हिडिओ कॅसेट असेल तर झडप उघडून फीत पाहा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट यंत्रात घातलीत तर ती कॅसेट, ते यंत्र आणि त्यानंतर घातलेल्या सगळ्या कॅसेटी, सगळ्यांना प्रसाद मिळतो. ती साफ करणाऱ्याकडेच द्यावी. बाकीच्या पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. कॅसेटीच्या पाठीवर प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते, ती मोडून टाका, म्हणजे तिच्यावर चुकूनही नवं भरलं जात नाही. हे आधी ठाऊक असतं तर कितीतरी आजोबांच्या एकसष्टीवर क्रिकेटचे सामने चढले नसते. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैत थांबली. आता जी यंत्रं आहेत ती दुरुस्त होऊन चालतील तेवढीच. त्यामुळे २०१९ मध्ये युनेस्कोच्या एका कार्यक्रमातर्फे आणि ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतर्फे जगाला इशारा दिला गेला, की चुंबकीय फितींवरचं सगळं लवकरात लवकर उतरवून घ्या. साल सांगितलं होतं २०२५. ते काही काळाचं दार धाडकन बंद होणारं नव्हतं, पण तुमच्या गल्लीतला व्हीसीआर दुरुस्त करणारा अजून दुकान उघडतो का, ते उद्या जाऊन बघा.

उतरवून घेतलं म्हणजे झालं, असंही नाही. भुसावळला एका इंग्रजाची कबर आहे, मेजर रॉबर्ट गिलची. कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं उतरवून घ्यायला १८४४ साली नेमलं. पुढची वर्षानुवर्षं तो त्या लेण्यांत उभा राहून मोठमोठ्या कॅनव्हासांवर नकला काढत होता. त्या लंडनला पाठवल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या, आणि १८६६ च्या आगीत जवळपास सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स आले. त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा सगळं चितारलं, तेही लंडनला गेलं, आणि १८८५ साली तिथल्या आगीत त्यातलंही पुष्कळ जळालं. एकाच गावात, एकाच छपराखाली सगळी नक्कल. मूळ चित्रं मात्र आपल्या डोंगरात होती, झिजलेली का होईना, म्हणून आज आपण ती पाहतो. तेव्हा उतरवून घेतल्यावर मूळ कॅसेट किंवा रीळ फेकू नका. आणि नकला तीन तरी करा, त्यातली एक दुसऱ्या गावी, पुण्याला मुलीकडे, सुरतेला भावाकडे. पांझरेला १८७२ साली आलेल्या पुरात या शहरातली शेकडो घरं गेली होती. नदी तीच आहे. हार्ड डिस्क चार-पाच वर्षांनी बदला. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत ही प्रत समजू नका, ते यंत्र चित्र दाबून लहान करतं. आणि सगळं एकाच्या गुगल खात्यात टाकून निश्चिंत होऊ नका: दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर ते खातं कंपनी काढून टाकू शकते. खातेदार गेला आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, म्हणजे माळ्यावरच्या वाळवीचं काम दोन वर्षांत झालं.

एक नाजूक गोष्ट राहिली. राजवाडे दारात आले की पुष्कळ घरांतले लोक कागद दाखवायला घाबरत. इनामाचा वाद निघेल, भाऊबंद दावा लावतील, घरातली काही लाजिरवाणी गोष्ट बाहेर येईल. ती भीती खोटी नव्हती. कॅसेटींचंही तसंच आहे. रुखवताबरोबर हुंडाही दिसतो. पुढे मोडलेलं लग्न दिसतं, आणि ते कोणाला पाहवत नाही. नंतर ज्या सुनेचं वाईट झालं ती हसताना दिसते. अशा कॅसेटी लोकांनी जाळून टाकल्या आहेत, आम्हाला माहीत आहे. त्यांना आम्ही दोष देणार नाही. पण जाळण्याआधी एक पर्याय असतो. कागदपत्रांच्या संग्रहांत जगभर अशी रीत आहे, की देणारा अट घालतो: इतकी वर्षं उघडू नये. पन्नास म्हणा. तोवर ज्यांना दुखायचं ते कोणी राहत नाहीत, आणि त्या सुनेचं हसणं तरी कुठेतरी राहतं. मात्र ती अट पाळणारी संस्था हवी. खानदेशात कागदांसाठी राजवाडे मंडळ आहे, समर्थांच्या वाङ्मयासाठी वाग्देवता मंदिर आहे, चाळीसगावला केकी मूस यांच्या छायाचित्रांसाठी त्यांचं घरच आहे. लोकांच्या घरच्या फितींसाठीही, मग विद्यापीठात असो की एखाद्या वाचनालयात, एक थंड खोली, एक चालू यंत्र आणि अहिराणी समजणारा एक माणूस मिळाला तर काम सुरू होईल. हा आग्रह आम्ही संबंधितांकडे धरला आहे आणि धरत राहू. आमचं वय पाहता लवकर उत्तर आलं तर बरं.

तोवर घरच्या घरी एवढं करा. कॅसेटीवर आज साल लिहा, नक्की नसेल तर ‘अंदाजे’ म्हणून लिहा आणि अंदाज कशावरून केला तेही लिहा. घरातलं सर्वांत मोठं माणूस कोण, त्याला या रविवारी वेळ आहे का विचारा. यंत्र नसेल तर लग्नाचा अल्बम पुढ्यात ठेवून सुरुवात करा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून. बोलू द्या, दुरुस्त करू नका. ते अहिराणीत बोलत असतील तर मराठीत आणायला लावू नका.

आज तीन जणांनी आपापल्या कॅसेटी आणल्या आहेत, असं संयोजक सांगताहेत, आणि त्यांतल्या एकांच्या सोबत त्यांच्या आजीही आल्या आहेत. पुढे येऊन बसा आजी, पंख्याखाली. व्हीसीआर जोडायला दहा मिनिटं लागतील, तेवढ्यात प्रश्न घेऊ.